चौकट रिकामी सोडू नये

फोटोत मला आधी ती बाई दिसली आणि मग ती पांढरी जागा. सोमवारी सकाळी चौकशीचे कागद माझ्या टेबलावर येऊन पडले होते, बत्तीस पानं, कोपऱ्यात पिन मारलेली, आणि मी ते उभ्याउभ्याच चाळत होतो, कारण बसून वाचावं असं काही त्यात असेल असं मला वाटत नव्हतं. सतराव्या पानावर कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो छापला होता. असे फोटो पाठवणाऱ्यांचा मला एरवी राग येतो. तिरके, चकाकणारे, अर्धी अक्षरं कापलेले; ते आले की आम्ही ऑफिसात आपसांत हसतो. या फोटोत काचेवर काढणारीचं प्रतिबिंब पडलं होतं. डोक्यावर पांढरी टोपी, मोबाईल धरलेले दोन हात आणि मध्ये आठ्या पडलेलं एक कपाळ. कपाळाखाली चेहरा असायला हवा तिथं पेशंटच्या माहितीचं आमचं पान होतं. वर नाव, वय, बेड नंबर. त्याखाली रक्तगट. सगळ्यात खाली औषधं. आणि रक्तगट नि औषधं यांच्यामध्ये दोन बोटं उंचीची पांढरी जागा. डाग नाही, रेघ नाही, अक्षर नाही. मी खुर्चीत बसलो तेव्हा हातातला चहा पँटवर सांडला, आणि चटका बसला हे मला जरा उशिरानं कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या कुणाला ती जागा दिसलीसुद्धा नसती. मला ती ओळखू आली, आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतं तशी. ती जागा मी सोडली होती.

काय घडलं होतं ते मला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. आमच्या संस्थेची एकोणीस हॉस्पिटलं आहेत, आणि त्या एकोणिसांना लागणारं सॉफ्टवेअर बनवणारी आम्ही चारशे माणसं. बारा दिवसांपूर्वी त्यातल्या एका हॉस्पिटलात चव्वेचाळीस वर्षांची एक शाळाशिक्षिका तापानं फणफणलेली आली. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. त्या जातीचं इंजेक्शन तिला चालत नाही ही नोंद सहा वर्षांपासून आमच्याकडे होती, तिनंच कधीतरी सांगितलेली, कुणीतरी नीट भरून ठेवलेली. त्या दिवशी ती पानावर आली नाही. सिस्टरनं पान उघडलं, ऍलर्जीच्या जागी काही नव्हतं, तिनं इंजेक्शन दिलं. बाईंना विचारून उपयोग नव्हता, त्या तापात बरळत होत्या आणि वर्गातल्या मुलांना गप्प बसायला सांगत होत्या. नवरा खाली फॉर्म भरायला गेला होता. तो वर येईपर्यंत अकरा मिनिटं गेली, आणि तेवढी पुरली. सिस्टरला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. चौकशी संपेपर्यंत, असं कागदावर होतं, पण घरी बसवलेल्या सिस्टरला पुन्हा बोलावल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

फोटो मात्र त्या दिवशीचा नव्हता. तो तीन आठवडे आधीचा होता. खाली त्याच सिस्टरनं मदत-कक्षाला लिहिलेल्या चार ओळी होत्या. 'या बाबांना सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत, मागच्या वेळी मीच नोंद केली होती. आज पानावर दिसत नाही. पान बंद करून पुन्हा उघडलं तर दिसली. कृपया लक्ष द्यावं.' मदत-कक्षानं ही तक्रार ऍलर्जीच्या टीमकडे पाठवली. त्यांनी बघितलं, त्यांचा भाग चालू होता. त्यांनी ती औषधांच्या टीमकडे पाठवली. औषधांचाही भाग चालू होता. तिथून ती नाव-पत्त्यांच्या टीमकडे गेली, तिथून सर्व्हरवाल्यांकडे, तिथून परत ऍलर्जीकडे, आणि एकोणिसाव्या दिवशी कुणीतरी तिच्यावर 'दोष आढळला नाही' असं लिहून ती बंद केली. त्यानंतर दोन दिवसांनी शिक्षिका गेली. मी ती सगळी उत्तरं एकेक करून वाचली आणि त्यात मला एकही खोटं वाक्य सापडलं नाही. प्रत्येकानं आपापलं अंगण झाडून दाखवलं होतं. ज्यांच्या ज्यांच्याकडे ती तक्रार गेली त्यांच्यात अख्ख्या पानाचा मालक कुणीच नव्हता, कारण पानाला मालक असू नये ही माझीच कल्पना होती.

त्या कल्पनेला आमच्या धंद्यात मायक्रो फ्रंटएंड म्हणतात. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे. स्क्रीनवर दिसतं एकच पान, पण आत त्याचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या टीमचा. नावाचा तुकडा एका टीमचा, रक्तगटाचा दुसऱ्या, ऍलर्जीचा तिसऱ्या. पान उघडलं की हे तुकडे आपापल्या ठिकाणाहून धावत येतात आणि आपापल्या जागी बसतात. माझ्या आधी असं नव्हतं. आधी ते एकाच गोळ्याचं पान होतं. एका अक्षराचा रंग बदलायचा तरी चारशे माणसांचं काम थांबायचं, सगळं पुन्हा तपासलं जायचं, आणि तीन महिन्यांनी नवं पान बाहेर पडायचं, सगळे जीव मुठीत धरून बसलेले. एकाचं चुकलं की एकोणीस हॉस्पिटलांची पानं बंद. मी म्हटलं, तुकडे करा. प्रत्येकानं आपला तुकडा आपल्या सोयीनं बदलावा, कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. मोठ्या हॉलमध्ये सगळ्या साहेब लोकांसमोर मी विचारलं होतं, एका खोलीतला दिवा गेला म्हणून अख्ख्या घरात अंधार का करायचा? टाळ्या पडल्या होत्या. आणि खोटं कशाला बोलू, ते काम चांगलं झालं. तीन महिन्यांची गोष्ट एका दुपारवर आली. पोरं खूश झाली. राजीनामे थांबले. मी आर्किटेक्ट झालो. आई तेव्हा होती. तिला वाटलं मी इमारती बांधायला लागलो. 'मग आपलं घर आता तूच बांधशील ना?' मी म्हटलं, 'आई, मी पानं बांधतो.' ती म्हणाली, 'त्यात राहतं कोण?' हा विनोद मी नंतर कितीतरी दिवस लोकांना सांगत होतो.

जुनं पान ज्यांनी लिहिलं होतं त्यांना आम्ही आजोबा म्हणत असू, तोंडावरच. ते चिडत नसत. त्यांच्या पानात एक आडमुठा नियम होता, की ऍलर्जीची माहिती मिळाली नाही तर पान उघडायचंच नाही. अख्खं. नाव नाही, बेड नाही, काही नाही, फक्त एक तांबडी पाटी. सिस्टर लोक शिव्या घालायचे. आम्ही आजोबांना म्हणायचो की कुठल्या जमान्यात आहात, आणि ते म्हणायचे, 'पान उघडलं नाही की माणूस शिव्या देतो खरा, पण उठून विचारायलाही जातो.' हे वाक्य मला सोमवारी सकाळी ओल्या पँटनिशी बसलेलो असताना आठवलं, आणि आठवलं ते त्यांच्या आवाजासकट, घशात खरखर असलेल्या. त्यानंतर तो गुरुवार आठवणं अपरिहार्यच होतं. तीन वर्षांपूर्वीचा गुरुवार, जेवणाआधीची मीटिंग, शेवटची दहा मिनिटं. विषय एवढाच होता की एखादा तुकडा वेळेवर आला नाही तर त्याच्या जागी काय दाखवायचं. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलांच्या प्रमुखांना नवं पान दाखवताना एक तुकडा आला नव्हता आणि तिथं 'माहिती मिळाली नाही' अशी तांबडी चौकट उमटली होती. आमच्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, त्यांचा चेहरा त्या चौकटीपेक्षा तांबडा झाला होता. म्हणून मी म्हटलं, 'काहीच नको दाखवायला. जागा कोरी राहू दे. पान स्वच्छ दिसलं पाहिजे.' कोपऱ्यातून आजोबांनी विचारलं, 'आणि कोऱ्याचा अर्थ काय ते कोण सांगणार?' मला भूक लागली होती. मी म्हटलं, 'तुम्ही आहात की, आजोबा. तुम्हाला प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसवू.' सगळे हसले. आजोबाही हसले, वही मिटली, आणि आम्ही जेवायला गेलो. पुढं दोन वर्षांनी ते रिटायर झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं होतं, चांगलं झालं होतं.

अकराच्या मीटिंगला आम्ही नऊ जण होतो. मॅडमनी बसल्या बसल्या सांगितलं, 'पाल्हाळ नको. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते सांगा.' भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक टीमची एक चौकट होती आणि त्या दिवशीच्या सगळ्या चौकटी हिरव्या होत्या. नाव हिरवं, रक्तगट हिरवा, औषधं हिरवी. ऍलर्जीच्या टीमची प्रमुख ही एक हुशार, बारीक आवाजाची मुलगी आहे, तिला मीच घेतलं होतं. ती उभी राहून बोलली, तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. 'आमचा तुकडा त्या दिवशी अकरा बत्तीस ते अकरा छत्तीस बंद होता. त्याची नवी आवृत्ती चढवत होतो. प्रत्येक टीमला महिन्याला त्रेचाळीस मिनिटं बंद राहायची मुभा आहे. आम्ही चार वापरली.' मुभेचा आकडाही मीच ठरवला होता. मी तिला विचारलं, विचारलं म्हणजे तोंडातून निघूनच गेलं, 'पेशंटला ऍलर्जी नसेलच, तर तुमचा तुकडा काय दाखवतो?' ती म्हणाली, 'काहीच नाही, सर. दहातल्या नऊ जणांना नसतेच, मग उगाच कशाला गर्दी? तेवढी जागा कोरी ठेवतो.' मग जरा थांबून, 'पान स्वच्छ ठेवा असं तुमच्याच सूचनांमध्ये होतं.' ती कुणावर ढकलत नव्हती, खरंच आठवून सांगत होती. ऍलर्जी नसेल तर कोरं, हे तिनं ठरवलं होतं. माहिती आलीच नाही तर कोरं, हे मी ठरवलं होतं. दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही असंच ठरलेलं होतं, आणि वॉर्डात उभ्या असलेल्या बाईला ही दोन कोरी एकसारखीच दिसत होती. मी टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि अळीमिळी गुपचिळी चालली होती. मीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

कायदा विभागाचे गृहस्थ शेवटी बोलले. मऊ बोलणारा माणूस, टाय नीट बांधलेला. त्यांनी सतरावं पान वर धरलं. 'हा सिस्टरचाच फोटो. पानावर ऍलर्जी कधी कधी येत नाही हे तिला तीन आठवडे आधीपासून ठाऊक होतं. पुन्हा उघडलं की दिसते हेही तिनंच लिहिलंय. मग त्या दिवशी तिनं पुन्हा का उघडलं नाही?' खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला, मला तो ऐकू आला. फोटो तिनं आम्हाला सावध करायला काढला होता, आणि आम्ही तिच्यावरच खापर फोडायला तो वापरत होतो, आणि त्यात दमडीचंही खोटं नव्हतं. बत्तीस बेडमागे ती एकटी होती हे सहाव्या पानावर होतं. सहावं पान कुणी वर धरलं नाही. मीटिंग संपल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. 'अहवालात तुमच्या नावापुढं शेऱ्याची एक चौकट आहे, एकूण रचनेबद्दल. बुधवारी चारच्या आत भरा.' मी मान हलवली. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, 'रचनेबद्दल काही आलं तर एकोणीस ठिकाणी पानं बंद करावी लागतील. पुन्हा जुन्यावर जावं लागेल. आणि पुढच्या महिन्यात तुमचं नाव वर पाठवायचं आहे, ते वेगळंच.' मी म्हटलं, 'बघतो.' त्या म्हणाल्या, 'बघा, बघा. मी काही सांगत नाहीये.'

मंगळवारी दुपारी मी ताईकडे गेलो. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. बाबा गेल्यावर आई शिवणाच्या कारखान्यात जायची, म्हणून शाळा सुटली की मी ताईच्या वॉर्डात जाऊन बसायचो. ती सिस्टर होती, एकतीस वर्षं होती. तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझा अभ्यास चालायचा, जंतुनाशकाचा वास नाकात घेऊन मी पाढे पाठ केले. त्या वासानं मला अजूनही सुरक्षित वाटतं, हे माझ्या बायकोला विचित्र वाटतं. ताई पेशंटचे तक्ते भरायची आणि मी बघायचो. एखाद्या चौकटीत लिहिण्यासारखं काही नसलं की ती पट्टी न घेता एक आडवी रेघ मारायची, रेघेवर 'नाही' असं लिहायची आणि पुढं सही करायची. एका तक्त्यावर अशा नऊ-दहा सह्या. एकदा मी तिला विचारलं होतं, 'काहीच नाहीये तर सही कशाला?' ती म्हणाली होती, 'नाही म्हणणाऱ्यालाही नाव लागतं, बाळा. रिकामी चौकट म्हणजे कुणी विचारलंच नाही.' एकदा एका नव्या सिस्टरनं चौकट रिकामी सोडली तेव्हा ताईनं तिला पेशंटसमोर नाही, पण माझ्यासमोर झापलं होतं, आणि ती मुलगी रडली होती, आणि मी पाटीकडे बघत बसलो होतो. म्हणजे हे मला वयाच्या नवव्या वर्षी माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी मला नवीन काही शिकायचं नव्हतं, फक्त आठवायचं होतं, आणि मला भूक लागली होती.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. तिचे गुडघे आता कामातून गेले आहेत, ती पलंगावर पाय लांब करून बसते आणि बोलताना स्वतःचेच पाय चेपते. मी तिला तुकडे समजावले, कोरी जागा समजावली. चुकलं कुणाचं ते बोललो नाही. तिनं विचारलं, 'त्या पोरीचं काय होणार?' मला आधी वाटलं शिक्षिकेबद्दल विचारतेय. 'गेली ती, ताई.' 'ती नाही रे. सिस्टरचं.' मी म्हटलं, 'परवाना जाईल बहुतेक.' ताई पाय चेपायची थांबली. 'मुलं आहेत?' मला माहीत नव्हतं. बत्तीस पानांत ते कुठंच नव्हतं. 'आणि ती जागा कोरी ठेवायचं कुणी ठरवलं?' मी म्हटलं, 'मी.' ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, त्या टेबलाच्या कोपऱ्यावर पाढे म्हणणाऱ्या पोराकडे बघायची तशी, आणि मग म्हणाली, 'मग लिहून टाक तसं. तीन शब्दांचं तर काम आहे.' मी म्हटलं, 'इतकं सोपं नसतं, ताई. चारशे माणसं आहेत.' ती म्हणाली, 'चारशे माणसांना काय होतंय? सही तर एकाचीच लागते.' निघताना दारात तिनं मला हाक मारली आणि मी वळल्यावर म्हणाली, 'काही नाही, जा.' रस्त्यानं येताना मला रडू आलं. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता म्हणून मी नाक पुसल्यासारखं केलं.

बुधवारी मी खरंच लिहिलं. हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण पुढं जे झालं त्यावरून तसं वाटणार नाही. साडेतीन वाजता मी दार लावून घेतलं, संस्थेच्या आतल्या पोर्टलवर अहवाल उघडला, आणि माझ्या नावापुढच्या चौकटीत लिहिलं: 'तुकडा आला नाही तर जागा कोरी ठेवावी हे मी ठरवलं. ऍलर्जी नसणं आणि माहिती न मिळणं यांतला फरक त्यामुळे पानावर दिसत नाही. सिस्टरला तो दिसणं शक्य नव्हतं. तिनं आधी कळवलं होतं. चूक माझी आहे.' पाच वाक्यं झाली, ताई म्हणाली तशी तीन शब्दांत मावली नाहीत. 'जतन करा' दाबलं, 'जतन झालं' असं हिरव्यात आलं, आणि मी खुर्चीत मागं रेललो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी संडासात जाऊन तोंड धुतलं. आरशात बघून, आता नोकरी जाणार, असं मोठ्यानं म्हणून पाहिलं, आणि त्याचीही भीती वाटली नाही. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत मी सव्वाचारला मॅडमच्या मजल्यावर गेलो.

तिथल्या लांब टेबलाशी मॅडम होत्या, कायदा विभागाचे गृहस्थ होते आणि टेबलावर अहवालाची छापील प्रत होती, अजून प्रिंटरची ऊब असलेली. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात आभार होते, आणि मला काही कळेना. मी प्रत ओढून शेवटची पानं उलटली. एकतिसाव्या पानावर माझं नाव होतं, हुद्दा होता, 'एकूण रचनेविषयी शेरा' असं होतं, आणि त्यापुढं दोन बोटं उंचीची पांढरी जागा होती. काय झालं ते समजायला मला एक क्षणही लागला नाही. ते पोर्टलही आम्हीच बांधलेलं, तुकड्यातुकड्यांचं. शेऱ्यांचा तुकडा एका तिसऱ्याच टीमचा. छापायच्या वेळी तो यायला उशीर झाला असेल, आणि छापणारा तुकडा थांबला नसेल, कारण कुणी कुणासाठी थांबायचं नाही. माझी पाचही वाक्यं साठवलेली होती, सुरक्षित होती. कुणी पान पुन्हा उघडलं असतं तर दिसली असती. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की पुन्हा छापा. मी तोंड उघडलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात आलं, अगदी याच शब्दांत आलं, आणि मला स्वतःची शिसारी आली. पण छातीवरचं ओझं उतरलं तेही खरं, आणि दोन्ही एकाच वेळी होत होतं. मॅडम म्हणाल्या, 'वाचलं मी. बरं केलंत.' मी म्हटलं, 'हं.' आपण लिहिलं तर आहे, मी मनाशी म्हणालो. नंतर सांगू. उद्या पत्र लिहून सांगू.

तेवढ्यात सिस्टर आली. अहवाल वाचला म्हणून तिची सही लागत होती. टोपी नव्हती, साधे कपडे होते, मांडीवर पर्स, आणि तिचं वय माझ्या कल्पनेपेक्षा जास्त होतं, ताईच्या हाताखाली सुरुवातीला असू शकली असती इतकं. कपाळ मात्र मी ओळखलं. गृहस्थांनी तिला शेवटचं पान काढून दिलं आणि सहीची जागा दाखवली. ती म्हणाली, 'वाचून करते.' मग तिनं पहिल्यापासून वाचायला घेतलं, एकेका ओळीखाली बोट धरून. गृहस्थ दोनदा घड्याळाकडे बघून झाले. सतराव्या पानावर स्वतःचा फोटो आला तेव्हा ती थांबली नाही, उलट तिथून जरा भराभर पुढं गेली. एकतिसाव्या पानावर थांबली. बोट त्या पांढऱ्या जागेवर ठेवून तिनं वर पाहिलं, आधी गृहस्थांकडे, मग मॅडमकडे, मग नाव वाचून माझ्याकडे. 'हे तुम्हीच ना, सर?' मी हो म्हटलं. 'इथं काही लिहिलेलं नाही.' तिच्या आवाजात आरोप नव्हता. एकतीस वर्षं मी ताईच्या तोंडून ऐकला तोच तो सूर होता, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला विचारायचा. 'लिहायचं राहिलंय, की काही नाहीच?'

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. सगळं पान, चारशे माणसं, तीन वर्षं, ती शिक्षिका, सगळं त्या एका प्रश्नासाठी अडून राहिलं होतं, आणि तो प्रश्न आमच्या पानात कुठंही नव्हता. मॅडम टेबलावर पेन आडवं-उभं करत होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचा कोपरा उचलला जात होता आणि सिस्टरनं तो तळहातानं दाबून धरला होता. तिच्या नखाजवळ एक जुना डाग होता, आयोडीनचा असावा. मी तिच्या हाताकडे बघत म्हटलं, 'नाही. काही नाही.'

'बरं,' ती म्हणाली. पर्समधून तिनं स्वतःचं पेन काढलं, त्या पांढऱ्या जागेत पट्टी न घेता एक आडवी रेघ मारली आणि रेघेवर गोल, स्वच्छ अक्षरात 'नाही' असं लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. 'इथं तुमची सही करा, सर. आम्हाला चौकट रिकामी सोडायची सवय नाही.' मी सही केली. तिनं तारीख घालायला सांगितली, ती घातली. वेळही लागते म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात बघून मी वेळ लिहिली, चार वाजून छत्तीस मिनिटं.